दुकानदार जे फुकट देतो, तिथेच पैसे घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही नवीन कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी अर्धं पान छापलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनवर ११ बसत नाही, तर आता काय घ्यावं असा विषय होता. त्यात प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ आले, ग्राफिक कार्डाचे जीबी आले, काचेचं कॅबिनेट आणि त्यातल्या रंगीत लाइटांचा फोटो तर चांगला चार कॉलम आला, पण हे मशीन आवाज किती करणार आणि किती वर्षं चालणार यावर एक ओळ पण नव्हती. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पार्टांना हवी तशी करून देणारा खोका, त्याचं नाव शेवटून दुसऱ्या वाक्यात होतं, तेही "कॅबिनेटसोबत मिळतोच" असं. ते वाचून मी चहा बाजूला ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले. लांबलं तर कापा, पण एसएमपीएसचा भाग कापू नका.

मी अकोल्याची. वीस वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया, निवडणुकीतली हँडबिलं, सगळं. आता ते काम कमी केलंय आणि गेली काही वर्षं अंध मुलांसाठी शाळा-कॉलेजची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. पैसे मिळत नाहीत, पण घशाला काम मिळतं. हे काम रात्री अकराच्या नंतर, रस्त्यावरच्या ऑटो थांबल्या की सुरू होतं, आणि तेव्हा घरातला छताचा पंखा बंद करावा लागतो, मे महिन्यात पण. तो बंद केला ना की मग कळतं टेबलाखालचा डबा किती घरघर करतोय ते. दिवसभर तो आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, पंख्याच्या आवाजात लपून बसलेला असतो.

एकदा दहावीच्या भूगोलाचे तीन धडे वाचून झाले आणि ऐकले तर माझ्या आवाजाच्या मागे कोणीतरी बारीक हूं लावून बसलंय असं वाटलं. आधी वाटलं लाइटीचा हम असेल, तो ५० हर्ट्झचा असतो नाहीतर त्याच्या पटीत. मग ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचं चित्र, उघडून पाहिला तर २८० वर एक सरळ रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पट्टीनं आखल्यासारखी. २८० काही ५० च्या पटीत बसत नाही. बायोसमधे, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानावर, पाहिलं तर प्रोसेसरचा पंखा मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०, आणि टॉर्च मारून पाती मोजली तर ७. चाळीस साती दोनशे ऐंशी. सापडला चोर! आता बाईमाणसाचा आवाज साधारण १६५ ते २५५ हर्ट्झला सुरू होतो आणि तिथून वर पसरतो, म्हणजे ही रेघ बरोब्बर माझ्या आवाजाच्या पोटात बसलेली, ती फिल्टरनं काढायला गेलं की माझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. तीन धडे परत वाचले. त्या रात्री ठरवलं की पुढचं मशीन मी स्वतः, एक एक पार्ट निवडून जोडणार.

ते मशीन मी मागच्या वर्षी मार्चमधे जोडलं, म्हणजे आता वर्ष झालं. त्यात मला एक गोष्ट कळली ती अशी की शांत मशीन आणि टिकाऊ मशीन असे दोन वेगळे हिशोब नाहीतच. आवाज येतो पंख्याचा, पंखा पळतो उष्णतेमुळे, आणि पार्ट मरतात तेही उष्णतेमुळेच. उष्णता कमी केली की दोन्ही दुखणी एकदम जातात. आणि उष्णता कुठे ठरते? तर ज्या गोष्टी दुकानदार फुकट टाकून देतो किंवा "त्याचं काय एवढं ताई" म्हणतो त्या तीन गोष्टींत, म्हणजे एसएमपीएस, कॅबिनेट आणि पंखे.

पंख्याचं गणित घरातल्या रेग्युलेटरसारखंच आहे. फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो, आणि आपल्या कानाला १० डेसिबल उतरला तरच तो निम्मा वाटतो, म्हणजे १५ म्हणजे किती ते तुम्हीच पाहा. आता उलटं, एकाच्या जागी तसलेच दोन पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. मग शहाणपण कशात आहे, एक पंखा पाचवर पळवण्यापेक्षा दोन पंखे दोनवर ठेवावेत. आणि पंखा मोठा घ्यावा, १२० मिलीमीटर तरी हवाच, कॅबिनेटमधे बसत असेल तर १४०. माझ्याकडे समोर दोन १४० चे आणि मागे एक १२० चा आहे, प्रोसेसरवरचा वेगळा. सगळे चार पिनवाले, कारण चार पिनवाला पंखा मदरबोर्ड नीट हळू करू शकतो. बेअरिंग कोणतं ते पण विचारा, स्लीव्ह बेअरिंगचा पंखा नवा असताना एकदम गुपचूप असतो पण आपल्याकडच्या गरमीत तेल सुकलं की दोनेक वर्षांत किरकिरायला लागतो. फ्लुइड बेअरिंगवाला घ्या. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे ते विटकरी-बदामी रंगाचे पंखे सहा वर्षांच्या वॉरंटीचे येतात, दिसायला आमच्या कॉलेजातल्या सोफ्यासारखे, काम उत्तम, पण किंमत पाहून मी एकच घेतला, प्रोसेसरवर. बाकीचे आर्क्टिकचे, स्वस्तातले, त्यांची पण काही तक्रार नाही.

आता माझा प्रोसेसरवरचा पंखा रेकॉर्डिंगच्या वेळी मिनिटाला ६०० च्या आसपास फिरतो, पाती ९, म्हणजे ९० हर्ट्झ. ते माझ्या आवाजाच्या खाली आहे. खालचा भाग कापणारा फिल्टर लावला की तो जातो आणि माझ्या आवाजाला धक्का लागत नाही, आणि खरं सांगायचं तर लावला नाही तरी शोधावा लागतो.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या ठोकळ्याला पण कूलर म्हणतात, आणि कूलर म्हटलं की आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा, खिडकीत बसवलेला, त्याच्यामुळे थोडा घोळ झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या कॉम्प्युटरला वेगळा कूलर कशाला, आपला लाव ना त्याच्याकडे तोंड करून. तेवढं मात्र करू नका, पाण्याचे बारीक थेंब सरळ बोर्डावर जातात आणि क्षार साचतात. पण त्यातला खरा मुद्दा गरमीचा आहे. प्रोसेसरच्या कूलरचे जे रिव्ह्यू आपण पाहतो ते युरोप-अमेरिकेतल्या २०-२२ डिग्रीच्या खोलीत केलेले असतात. कूलर काय करतो, तो खोलीपेक्षा अमुक इतकी डिग्री जास्त यावर प्रोसेसर धरून ठेवतो. समजा ४० डिग्री जास्त. तिकडे ते ६२ होतात, आणि अकोल्यात मे महिन्यात संध्याकाळी खोलीच ४० ची असते, म्हणजे ८०. तिकडे "पुरेसा" लिहिलेला कूलर आपल्याकडे धापा टाकतो आणि पंखा बोंबलतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसानं कूलर एक नंबर वरचा घ्यावा आणि प्रोसेसर एक नंबर थंड. मी एएमडीचा रायझन ५ ८६००जी प्रोसेसर घेतला, ६५ वॅटचा, ग्राफिक त्याच्यातच, वेगळं कार्ड नाहीच, म्हणजे कार्डाचे दोन-तीन छोटे किरकिरे पंखे पण नाहीत. बायोसमधे त्याला ४५ वॅटवर बांधून ठेवलाय. फरक? मोठी फाइल एक्सपोर्ट करताना थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात मी पाणी पिऊन येते.

लिक्विड कूलिंगबद्दल, म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड करण्याबद्दल, तुमच्या लेखात फार कौतुक होतं. साध्या टॉवर कूलरमधे, म्हणजे पत्र्यांचा उभा ठोकळा आणि पंखा, बिघडण्यासारखा एकच पार्ट, पंखा, तो गेला तर तेवढाच बदलायचा, बाकी सगळं अल्युमिनियम आणि तांबं, ते माझ्या मागे पण राहील. लिक्विडमधे पंप आहे, तो मशीन चालू असेपर्यंत गुणगुणतो, पाणी नळीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत जातं, आणि पंप गेला की अख्खं फेकायचं. ज्याला पंधरा वर्षं मशीन चालवायचंय त्यानं ते कशाला गळ्यात घ्यावं?

आता एसएमपीएस. माझं जुनं मशीन २००५ च्या सुमाराचं होतं, त्या काळात बोर्डांवर खराब कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सपाट करणारे छोटे डबे, फार आले होते, जगभर ती साथच होती म्हणा ना, डोक्यावर फुगलेले, वरून चिरलेले, तपकिरी पाणी गळणारे. टीव्ही रिपेअरवाल्या भाऊनं माझ्या बोर्डावरचे पाच बदलून दिले आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा समजावून सांगितलं. कपॅसिटरवर तापमान लिहिलेलं असतं, ८५ किंवा १०५, आणि त्या तापमानाला तो किती तास टिकेल ते कंपनीच्या कागदात असतं, साधारण २००० तास धरा. तापमान १० डिग्रीनं उतरलं की आयुष्य दुप्पट, हा त्यांचा नियम. आता एसएमपीएसच्या आत ६५ डिग्री आहे असं धरा, आपल्याकडे ते काही जास्त नाही. १०५ वाला कपॅसिटर चार पायऱ्या खाली आहे, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, म्हणजे ३२ हजार तास. रोज आठ तास मशीन चाललं तर जवळजवळ अकरा वर्षं. ८५ वाला फक्त दोन पायऱ्या खाली, चारच पट, ८ हजार तास. रोज आठ तासांनी हजार दिवस. तीन वर्षं पण नाही हो! आणि माझ्याकडे कॅबिनेटसोबत आलेले फुकटचे एसएमपीएस बरोब्बर तिसऱ्या वर्षी गेलेत, दोनदा, आणि दुसऱ्यांदा जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला, तिच्यात अडीच वर्षांच्या पत्रिका होत्या. मी इतके दिवस म्हणत होते लाइटीमुळे गेला. लाइटीमुळे नव्हता गेला, दोन-चार रुपयांच्या कपॅसिटरमुळे गेला.

तर एसएमपीएस घेताना डब्यावरचे वॅट शेवटी वाचा. आधी पाहा आतले कपॅसिटर १०५ डिग्रीचे आणि जपानी आहेत का, निचिकॉन, रुबिकॉन, निप्पॉन केमिकॉन अशी नावं असतात. मग ८० प्लस गोल्डचा शिक्का, त्याचा अर्थ मधल्या लोडवर १०० मधले ९० वॅट तरी पुढे जातात आणि आत उष्णता कमी होते, पंखा कमी फिरतो, झालं ना परत तेच. आणि वॉरंटी. सीसॉनिक, कोर्सेअर यांच्या वरच्या मॉडेलना दहा वर्षांची असते. कंपनी स्वतः दहा वर्षं जबाबदारी घेते म्हणजे तिनं आत काय घातलंय ते तिला माहीत आहे. माझ्याकडे ५५० वॅटचा आहे, त्याचा पंखा कमी लोडवर बंदच असतो, वर्षभरात मी तो फिरताना मोजक्या वेळा पाहिला, तेही मे महिन्यात.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणे, "मावशी, ७५० तरी घे, फ्युचरप्रूफ होईल." मी त्याला वॅटमीटर लावून दाखवला. मशीन नुसतं उघडं असलं की भिंतीतून ३० च्या आसपास वॅट घेतं, लिहिताना चाळीसेक, आणि प्रोसेसरचे सगळे कोर पेटवले तरी १०० ला जेमतेम पोचतं. ५५० पण जास्तच आहे, त्यापेक्षा लहान मला चांगल्या क्वालिटीत मिळाला नाही म्हणून घेतला. त्याच्या गेमिंगच्या कार्डाला लागत असतील बाबा ७५०, माझ्या भूगोलाच्या धड्याला नाही लागत.

अर्थिंगबद्दल कोणी लिहितच नाही म्हणून लिहिते. जुन्या घरांत थ्री पिनचं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. एसएमपीएसच्या आत लाइन आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, लाइनमधला विजेचा गोंगाट गाळायला, आणि अर्थिंग नसलं की कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून मरत नाही कोणी, पण हात लावला की मुंग्या येतात आणि माइकमधे हम येतो. लोक म्हणतात पीसी शॉक मारतो, पीसी खराब आहे. पीसी चांगलाय, घराचं अर्थिंग नाहीये. आम्ही अंगणात खड्डा करून नवीन अर्थिंग घेतलं, आणि माइकचा हम त्या दिवशी गेला. यूपीएस पण घ्या, लहानसा चालतो, लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता, बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची हे मात्र धरूनच चाला, तिला पण गरमी सोसत नाही.

कॅबिनेट मी जाळीचं घेतलं, समोर जाळी, जाळीच्या आत निघणारा धुळीचा फिल्टर, काच नाही. दुकानात पोरगा मला काचेचंच दाखवत होता, समोरून काच, बाजूनं काच, हवा येणार कुठून विचारलं तर म्हणाला, "येते ना ताई, साइडनं येते थोडीशी." लाइटा किती रंगाच्या आहेत ते मात्र त्याला तोंडपाठ. आत येणारे पंखे जास्त आणि बाहेर फेकणारा कमी, असं ठेवलं की डब्यात हवेचा थोडा दाब राहतो आणि धूळ फटीफटीतून न येता फिल्टरमधूनच येते. आमच्याकडे काळ्या मातीची धूळ, त्यात स्वयंपाकघर शेजारीच असलं तर फोडणीचा तेलकट थर, ते दोन्ही मिळून पंख्याच्या पात्यावर जे काही तयार होतं ते नखानं खरवडावं लागतं. महिन्यातून एकदा फिल्टर नळाखाली धुते, पूर्ण वाळवून लावते. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारते, पण मारताना पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं, माझ्या हातून एक गेलाय. आणि मागच्या स्लॉटच्या पट्ट्या काढून फेकू नका! तिथून पाल आत जाते. हे मी गमतीनं नाही लिहीत, जुन्या मशीनमधे एक सापडली होती, पंख्यात, पुढचं लिहीत नाही, सकाळी वाचतात लोक पेपर.

शहाबादी फरशीवर डबा ठेवला की फरशी पण त्याच्यासोबत गुणगुणते, खाली जुन्या रबरी मॅटचे चार तुकडे ठेवले, तो आवाज गेला. फुकट काम.

आता लिनक्स. विंडोजच्या जागी मी ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम वापरते. त्यासाठी पार्ट निवडायचे म्हणजे काही वेगळं शास्त्र नाही, एकच प्रश्न विचारायचा, याचा ड्रायव्हर, म्हणजे तो पार्ट चालवणारा छोटा प्रोग्राम, कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत आहे की कंपनीच्या वेबसाइटवर आहे? वेबसाइटवर असेल तर तो कंपनीच्या मर्जीवर जगतो. एनव्हिडिया या ग्राफिक कार्डाच्या कंपनीचंच पाहा, २०१६ ला आलेली त्यांची १० सिरीज, लाखो लोकांकडे आहे, पण ५८० नंबरची ड्रायव्हरची शाखा ही त्या कार्डांना सांभाळणारी शेवटची. कार्ड धडधाकट, पण नवीन ड्रायव्हर नाही. उलट एएमडीचा आणि इंटेलचा ग्राफिकचा ड्रायव्हर कर्नेलमधेच असतो, कोणीही दुरुस्त करू शकतो, म्हणून तो कंपनीचा रस संपल्यावर पण चालत राहतो. पंधरा वर्षांचा विचार करणाऱ्याला ग्राफिकच्या जीबीपेक्षा हे महत्त्वाचं.

वायफायचं तसंच. मी आधी शे-दोनशे रुपये वाचवायला नखाएवढं यूएसबीचं डोंगल घेतलं होतं, डब्यावर लिनक्सचा पेंग्विन छापलेला, आत एका सीडीवर २०१७ चा ड्रायव्हर, तो नवीन कर्नेलवर बसेचना, दर अपडेटला परत बसवा. शेवटी ते ड्रॉवरमधे गेलं आणि इंटेलचं एएक्स २१० कार्ड बोर्डावर लावलं, त्याचा ड्रायव्हर २०२० च्या ५.१० कर्नेलपासून आतच आहे, लावलं आणि चाललं. पण नंबर नीट वाचा, एएक्स २११ घेऊ नका, एका आकड्याचा फरक, दिसायला जुळे भाऊ, पण २११ फक्त इंटेलच्याच बोर्डावर चालतं, एएमडीवर मेल्यासारखं पडून राहतं.

पंख्यांचा वेग लिनक्समधून बदलायचे प्रोग्राम आहेत, पण काही बोर्डांवरच्या सेन्सरच्या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमधे नसतो, मग डोकं फिरतं. मी तो नादच सोडला, बायोसमधेच तापमानाप्रमाणे पंख्याच्या वेगाची रेघ आखून ठेवली, ६५ डिग्रीपर्यंत सपाट, मग हळूहळू चढ. रायझनचं तापमान एखादी विंडो उघडली तरी क्षणात १०-१५ डिग्री उडी मारतं, त्याच्यामागे पंखा धावायला लागला की हुंऽऽ करून चढतो आणि उतरतो, आणि तो चढ-उतार सलग आवाजापेक्षा जास्त डोक्यात जातो. म्हणून उशिरा चढ, उशिरा उतर अशी सेटिंग असते ती लावा. ऑपरेटिंग सिस्टिम पुढे कोणतीही टाका, बायोसमधली सेटिंग तिथेच राहते.

माझ्या दोन फजित्या सांगते, कारण पहिल्यांदा जोडणाऱ्याचा जीव तिथेच जातो. सगळं जोडलं, बटन दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, काळीच. हे मागे उभे, "मी म्हटलं होतं तयार घे" अशा चेहऱ्यानं. मी बटन दाबून बंद केलं, रॅम काढून परत लावला, परत काळी. तिसऱ्यांदा वैतागून तसंच चालू ठेवून भाजी चिरायला गेले आणि पाच मिनिटांनी येऊन पाहते तर बायोस उघडलेला! डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅममधे पहिल्यांदा बोर्ड रॅमसोबत स्वतःला जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, आणि तोपर्यंत तो काही बोलत नाही. मी दोनदा त्याचं काम अर्ध्यात तोडलं होतं. बोर्डाच्या पुस्तिकेत हे असेल तर मला दिसलं नाही.

दुसरी फजिती डेबियनची, ती लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच. मी डेबियन १२ टाकलं, ते जून २०२३ चं, आणि माझा प्रोसेसर जानेवारी २०२४ चा. जन्माला न आलेल्या पोराचं नाव रेशनकार्डात कसं असेल? ग्राफिक धड चालेना, व्हिडिओ ढकलत ढकलत. चूक माझीच. बॅकपोर्टमधून, म्हणजे जुन्या आवृत्तीला नव्या गोष्टी पुरवणाऱ्या भांडारातून, नवीन कर्नेल आणि बाकीचं घेतलं, तेव्हा जमलं, आणि ऑगस्ट २०२५ मधे डेबियन १३ आल्यावर तर तो विषयच संपला. म्हणून पार्ट बाजारात येऊन वर्ष झालेला घ्या किंवा डिस्ट्रो त्या पार्टनंतरची घ्या. बोर्ड एएम५ चा, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरच्या नव्या खोबणीचा, घेतला तो पण वय पाहूनच, आधीच्या एएम४ च्या २०१७ मधल्या बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर बसला होता, आणि एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही सांभाळू असं एएमडीनं जाहीर केलंय.

रॅम १६ जीबीचे दोन घेतले, रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला, एकही एरर नाही, तेव्हाच पुढे गेले. मार्चमधे घेतला हे नशीबच, वर्षाच्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की सोनार लाजेल, एआयवाल्यांच्या डेटा सेंटरला सगळा माल चाललाय आणि मायक्रॉन या रॅमच्या कंपनीनं तर डिसेंबर २०२५ मधे क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. ज्यांना आज घ्यायचंय त्यांनी १६ वर भागवा आणि बोर्डावर दोन स्लॉट मोकळे राहतील असं पाहा. एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, टीएलसी प्रकारच्या चिपची घ्या, पाच वर्षं वॉरंटीची. लोक लिहून लिहून ती झिजेल म्हणून घाबरतात, पण १ टीबीच्या चांगल्या एसएसडीला ६०० टीबी लिहायची हमी असते, मी रोज २० जीबी लिहिलं तरी ३० हजार दिवस होतात, ब्याऐंशी वर्षं, मी काही तेवढी नाहीये. ती मरते ती दुसऱ्याच कशानं, एक दिवस न सांगता, म्हणून बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क फक्त बॅकअपच्या वेळी लावायची, एरवी कपाटात. मशीनच्या आत फिरणारी डिस्क नाहीच, तिचा खरखराट पण नाही.

एक प्रामाणिक गोष्ट. ज्यांचं पोट अजून जुन्या फॉन्टवर आहे, म्हणजे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आणि पेजमेकर, त्यांनी माझं ऐकून उद्याच लिनक्सवर उडी मारू नये. त्या फाइली तिथे उघडत नाहीत, जुना टेक्स्ट कन्व्हर्ट करून तपासत बसावं लागतं, रफार आणि जोडाक्षरांत हमखास माती होते. मी ते काम बंद केलं म्हणून सुटले. नवीन काम मी स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्राममधे करते, त्यात देवनागरी आता नीट जुळते, टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डनं, पण गिऱ्हाईकानं कोरलड्रॉची सीडीआर फाइलच मागितली तर मला पण हात जोडावे लागतात.

एकूण खर्च तुमच्या लेखातल्या काचेच्या मशीनपेक्षा कमी आला, ग्राफिक कार्ड नाही म्हणून. त्यातले वाचलेले पैसे एसएमपीएस, कॅबिनेट आणि पंख्यात गेले, आणि दुकानदारानं बिल करताना परत एकदा विचारलं होतं, "ताई, एवढा महाग एसएमपीएस काऊन घेता, त्याच्यानं स्पीड वाढत नाही."

पुढच्या वेळी तुम्ही असं पान छापाल तेव्हा किंमत आणि स्पीडच्या शेजारी दोन रकाने वाढवा ही विनंती, एसएमपीएसची वॉरंटी किती वर्षं, आणि रात्री पंखा बंद केल्यावर एक मीटरवरून आवाज येतो का. दुसऱ्यासाठी मीटर लागत नाही, रात्री अकराला माणूस बसवा.

नाव छापू नये, दुकानदार आमच्याच गल्लीत राहतो आणि अजून यूपीएसची बॅटरी त्याच्याकडूनच घ्यायची आहे.

आपली,
एक वाचक, जठारपेठ, अकोला